वाचकांचे प्रश्न : जुन्या एमजीबीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

प्रश्न : वरूड तालुक्यातील आमच्या संत्राबागेत वडिलांची १९६५ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला क्लच दाबवत नाही. कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवावा?

उत्तर : कंपनीने १९६७च्या अखेरीस आलेल्या मार्क टू मॉडेलसाठी बोर्ग-वॉर्नर ३५ हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पर्याय म्हणून दिला आणि त्याकरिता गाडीच्या तळातील बोगदा (गिअरबॉक्स सामावणारा पत्र्याचा उंचवटा) रुंद केला; आपली गाडी त्याआधीची असल्याने तिचा पत्रा कापावा लागेल, हे आधी मनाशी पक्के करावे. दुसरा पर्याय म्हणजे अमेरिकन ७००आर४ हा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; त्याच्या चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० असल्यामुळे महामार्गावर इंजिन संथ फिरते, हे खरे. परंतु १७९८ सीसीच्या इंजिनाला तो बोजड होतो आणि त्याची थ्रॉटलला (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या इंजिनाच्या झडपेला) जोडलेली केबल नीट जुळवली नाही, तर आतील क्लचपट्ट्या जळतात. बागेतून बाजारापर्यंतच्या फेऱ्यांसाठी मी बोर्ग-वॉर्नरच निवडेन, मग कोणी कितीही नाक मुरडो. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा स्वतंत्र ऑइल कूलर हवाच. कामाआधी आरटीओत विचारणा करावी, आणि मूळ गिअरबॉक्स भंगारवाल्याला मुळीच देऊ नये.