हाताने रंगवलेली इटालियन छापचित्रे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिको यांचं एक छापचित्र विकत घ्यायचा विचार आहे. विक्रेता ते ‘हाताने रंगवलेलं एनग्रेव्हिंग’ म्हणून देतोय, पण कडेला पत्र्याचा ठसा नाही. घ्यावं का?

उत्तर : ठसा नाही म्हणून चित्र खोटं ठरत नाही, विक्रेत्याचं वर्णन मात्र संशयास्पद ठरतं. दे किरिको (१८८८–१९७८) यांची हाताने रंगवलेली बरीच छापचित्रं लिथोग्राफ आहेत. ती सपाट दगडावरून किंवा जस्ताच्या पत्र्यावरून छापतात, त्यामुळे कागद दबत नाही. तांब्यावरचं कोरीवकाम, म्हणजे एनग्रेव्हिंग, असतं तर चौफेर दबलेली चौकट राहिली असती आणि तिरप्या उजेडात रेघांची शाई किंचित उठून दिसली असती. समास छाटला असेल तर ही चौकटही जाते, म्हणून आधी कागदाच्या कडा पाहा.

मग १० पट भिंग लावा. रंगात बारीक ठिपक्यांची फुलं दिसली तर ती ऑफसेट छपाई, तिथेच थांबा. कुंचल्याचा जलरंग असेल तर डागाच्या कडेला रंग साचून गडद होतो आणि कुठेतरी रेघ ओलांडतो. रंगाची कड सगळीकडे सुरीने कापल्यासारखी असेल तर स्टेन्सिल वापरलंय. रेघच रंगीत आणि मधला कागद कोरा असेल, तर पत्र्यालाच रंगीत शाई भरली होती. याला हाताने रंगवणं म्हणत नाहीत.

सही आणि तारखेवर भिस्त ठेवू नका. या गृहस्थांनी स्वतःच आपल्या काही पेंटिंग्जवर मागच्या तारखा घातल्या होत्या! रक्कम मोठी असेल तर रोममधल्या जॉर्जो ए ईसा दे किरिको फाउंडेशनकडे आधी विचारणा करावी.

प्रश्न : फाब्रियानो या इटालियन कंपनीच्या रोझास्पीना कागदावर एचिंग (आम्लाने रेघा कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेली छापचित्रं) छापते. वरून जलरंग दिला की टिपकागदासारखा पसरतो.

उत्तर : छपाईच्या कागदात खळ कमी असते, म्हणून तो रंग पिऊन टाकतो. तेलशाई पूर्ण सुकू द्या. आठवडा तरी लागतो, पावसाळ्यात जास्त. मग कागदाला खळ देण्यासाठी १ लिटर पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन अर्धा तास भिजवून ५०–६० अंशांपर्यंत कोमट करा. उकळलं तर त्याची पकड जाते. रुंद मऊ ब्रशने ते कागदाच्या मागच्या बाजूने द्या, मग टिपकागदांमध्ये वजनाखाली सुकवा. आधी कोऱ्या तुकड्यावर करून बघा. ॲक्रिलिक टाळा, ते रेघ झाकतं.

प्रश्न : रंगवलेल्या छापचित्रावर तपकिरी ठिपके आलेत. धुता येईल?

उत्तर : नाही. काळी तेलशाई पाण्याला दाद देत नाही, पण जलरंग वाहून जाईल. कागद-संवर्धकाकडेच द्या. चित्र परत फ्रेममध्ये लावताना आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घ्या, काच चित्राला चिकटू देऊ नका, सेलोटेपऐवजी जपानी कागद आणि गव्हाच्या खळीच्या पट्ट्या वापरा. बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगू नका. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) आसपास पुरे.