माळ घातली तर घातली, पण कर्ज कशाला?
वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा सगळा गठ्ठा एकाच विषयाचा निघाला. घरातलं कुणीतरी कुठल्यातरी ग्रुपला, शिबिराला, बैठकीला जायला लागलंय आणि घरच्यांची झोप उडालीये. पाच पत्रं घेतलीयेत, नावं कुणाचीच देत नाहीये आणि गावं पण बदललीयेत, त्यामुळे 'ही आपल्या गल्लीतलीच' वगैरे शोध लावत बसू नका.

ताई, माझा मुलगा २५ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. वर्षापूर्वी मित्राबरोबर ध्यानाच्या फुकट वीकेंड शिबिराला गेला. आधी आम्हाला बरंच वाटलं, पार्ट्या बंद झाल्या, पहाटे उठायला लागला. मग रोज रात्री उशिरापर्यंत सेवा सुरू झाली. शिबिरात फोन जमा करून घेतात. गणपतीला आला नाही, आजी दवाखान्यात होती तेव्हाही नाही. आता कळलं की 'गुरुकार्या'साठी पर्सनल लोन काढलंय. विचारलं की हसून म्हणतो, आई, तुझी अजून तेवढी तयारी नाही. मी स्वतः माळकरी आहे, देवाधर्माच्या विरोधात अजिबात नाही. मी उगाच घाबरतेय का? (एक आई, नाशिक)

काकू, उगाच नाही घाबरत तुम्ही. आणि तुम्ही माळकरी आहात ते बरंच झालं, सांगायला सोपं जाईल. दिंडीची भिशी भरायची, आळंदीहून पंढरपूरला चालत जायचं, दर्शन झालं की परत आपल्या घरी आपल्या शेतावर. पुढच्या वर्षी गुडघे दुखले म्हणून नाही गेलात तर विणेकरी काही दारात येऊन 'तुमचं वाटोळं होणार' म्हणत नाही. आता हेच मुलाच्या ग्रुपला लावून बघा. एक आठवडा गेला नाही तर काय होतं? 'मला हे पटत नाही' असं तिथं कुणी कधी म्हटलंय का, आणि म्हटलं असेल तर तो माणूस आता कुठे आहे, त्याच्याशी बाकीचे बोलतात का? पैशाचं विचारलं तर हिशोब मिळतो की 'हा तुझा अहंकार बोलतोय' असं ऐकायला मिळतं? ते कुठला देव मानतात, पांढरे कपडे घालतात की भगवे, कांदा-लसूण खातात की नाही याच्यावरून काहीएक कळत नाही, तिथं 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होतं त्याच्यावरून सगळं कळतं.

फोन जमा करतात एवढ्यावरून मात्र निकाल लावू नका. तुमच्याजवळच इगतपुरीला विपश्यनेचं केंद्र आहे, तिथं पण १० दिवस फोन जमा असतो आणि मौन असतं, पण ते आधी सांगितलेलं असतं, फी नसते, दान पण कोर्स पूर्ण केलेल्याकडूनच घेतात आणि कोर्स संपला की फोन खिशात आणि माणूस घरी. मला खटकतंय ते कर्ज. म्हणजे पगारातून ११०० रुपये दिले, अगदी एखादा बोनस दिला तरी समजू शकते, पण २५ वर्षांच्या पोराला ईएमआय लावून घ्यायला सांगणारं गुरुकार्य म्हणजे त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांवर हात टाकणं आहे, आणि ज्याच्या डोक्यावर हप्ता असतो तो नोकरी सोडू शकत नाही, घरी खरं सांगू शकत नाही आणि मग 'इतके पैसे घातले ते काय फुकट गेले का' या विचाराने ग्रुपही सोडू शकत नाही. दुसरं म्हणजे ते 'तुझी तयारी नाही'. हे त्याचं स्वतःचं वाक्य नाही, तिथून आलेलं आहे. असं तयार उत्तर हातात दिलं की आईचा कुठलाही प्रश्न ऐकायच्या आधीच बाद होतो.

आणि झोप. रोज रात्री उशिरापर्यंत सेवा आणि पहाटे पुन्हा साधना, मधे ऑफिस. कमी झोपलेला माणूस कशालाही हो म्हणतो, याला अध्यात्माची गरज नाही.

जोन्सटाउनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दक्षिण अमेरिकेत गयाना देशाच्या जंगलात जिम जोन्स नावाचा अमेरिकन पास्टर आपल्या शेकडो अनुयायांना घेऊन गेला, १९७७ मध्ये बहुतेक जण तिथं पोचले. पोचल्या पोचल्या पासपोर्ट काढून घेतले. पत्रं उघडून वाचली जायची. म्हाताऱ्या माणसांची पेन्शन थेट संस्थेकडे. लाऊडस्पीकरवर जोन्सचा आवाज दिवसरात्र. रात्री-अपरात्री सगळ्यांना गोळा करून 'शत्रू आले, आता विष प्यायचं' म्हणून पेल्यातून काहीतरी पाजायचं आणि मग सांगायचं की विष नव्हतं, तुमची निष्ठा बघत होतो. १८ नोव्हेंबर १९७८ला ते खरं होतं. ९००च्या वर माणसं गेली, त्यात ३००च्या आसपास मुलं. काहींना जबरदस्तीने पाजलं, काहींना इंजेक्शन दिलं, त्यामुळे 'सामूहिक आत्महत्या' म्हणतात ते मला पटत नाही, मुलं कुठं आत्महत्या करतात. तुमच्या मुलाचं असं होईल असं मी अजिबात म्हणत नाहीये. सांगायचं एवढंच की त्यांचे नातेवाईक वर्षभर आधीपासून सरकारकडे खेटे घालत होते आणि बऱ्याच जणांना ते फक्त चिंतातुर आईबाप वाटत होते.

आता काय करायचं. गुरूला शिव्या देऊ नका, 'ते की आम्ही' असं तर चुकूनही म्हणू नका, कारण तिथं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरचे असंच म्हणतील, आणि तुम्ही तसं म्हणालात की गुरूचा शब्द खरा ठरतो. फोन चालू ठेवा, रोज दोन मिनिटं, आजीचं काय, भाजी काय केली, शेजारच्या पिंकीचं लग्न ठरलं असलं काहीही. तो आला तर जेवायला वाढा आणि विषय काढू नका, त्यानेच काढला तर साधा प्रश्न विचारा, 'पावती मिळाली का रे?' आणि गप्प बसा. लोनला जामीन राहू नका, घराची कागदपत्रं त्याच्या हाती देऊ नका, 'तुझ्या हप्त्यात मी मदत करते' असं तर नाहीच. वाईट वाटेल, पण तुमचे पैसे त्याच्यापर्यंत थांबणार नाहीत.

आमच्या संस्थेवर काही लोक उगाच आरोप करतात. आम्ही रक्तदान करतो, झाडं लावतो, पूर आला तेव्हा पहिले आम्ही पोचलो. आमदार-खासदार आमच्या कार्यक्रमाला येतात. चुकीचं काही असतं तर ते आले असते का? (एक साधक, कोल्हापूर)

दादा, रक्तदान चांगलंच आहे, करत रहा. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, आले असते' असंच आहे. वर ज्या जिम जोन्सचं सांगितलं त्याच्या संस्थेने काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसवलं, तेही १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत, वृद्धाश्रम चालवले, भुकेल्यांना जेवण दिलं. १९७६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं होतं! नेत्यांना गर्दी दिसते, मतं दिसतात, बाकी आत काय चालतं ते बघायला ते बसत नाहीत. आपल्याकडे आसारामच्या मंचावर कोण कोण गेलं ते आठवा, आणि २०१८मध्ये जोधपूरच्या कोर्टाने त्याला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कारासाठी जन्मठेप दिली तेही.

दुसरं, असल्या संस्थेत कडेला असणाऱ्याला सगळं छानच दिसतं. पुण्याच्या वाचकांना कोरेगाव पार्कातला आश्रम माहितीये, १९८१मध्ये रजनीश (ओशो) तिथून अमेरिकेत ओरेगनला गेले आणि अनुयायांनी माळरानावर अख्खं शहर उभं केलं, स्वतःची शेती, धरण, विमानांची धावपट्टी. १९८४मध्ये तिथल्याच वरच्या वर्तुळातल्या काहींनी स्थानिक निवडणूक जिंकायची म्हणून शेजारच्या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले, लोक आजारी पडले तर मतदानाला जाणार नाहीत असा हिशोब. ७५१ जण आजारी पडले. शेतात राबणाऱ्या बहुतेक संन्याशांना याचा पत्ताच नव्हता, ते मनापासून बटाटेच लावत होते. म्हणून तुम्ही किती चांगले आहात हा मुद्दाच नाहीये. एकदा मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागून बघा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टला तो त्यांच्याकडे द्यावाच लागतो. मागितल्यावर रिपोर्ट मिळाला तर उत्तम. मागितल्यावर पुढच्या बैठकीत तुमच्याकडे लोक वेगळं बघायला लागले तर मला पुन्हा लिहा.

बायको एका महाराजांकडे जाते. त्यांनी शुगरच्या गोळ्या बंद करून अंगारा घ्यायला सांगितलाय. मी चिडलो तर म्हणते तुमच्या शंकेमुळेच गुण येत नाही. जादूटोणा कायद्यात हे बसतं का? (सातारा)

आधी डॉक्टर, मग कायदा. शुगर आज तपासून घ्या, आजच. आणि इन्सुलिन चालू असेल आणि तेही बंद केलं असेल तर वाट बघूच नका, काही जणांचं दोन-चार दिवसात जिवावर बेततं.

कायद्याचं असं की डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि मग काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. त्यात कुठली कृत्यं येतात याची यादीच दिलीये. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हे त्यात स्पष्ट आहे, चमत्कार दाखवून फसवणूक करणं आहे. शुगरच्या गोळ्या असे शब्द त्यात नाहीत, पण महाराज चमत्काराचा दावा करून पैसे घेत असतील तर तक्रारीला जागा आहे. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) स्थानिक कार्यकर्त्यांना गाठा, कुठल्या कलमात काय बसतं ते त्यांना तोंडपाठ असतं आणि पोलीस स्टेशनला बरोबर पण येतात. वारी, कीर्तन, भजन, पूजा यांना हा कायदा हात लावत नाही, तेव्हा कुणी 'धर्मावर घाला' म्हणालं तर कायदा वाचायला द्या.

'तुमच्या शंकेमुळे गुण नाही' हे मात्र नीट लक्षात ठेवा. बरं वाटलं तर महाराजांमुळे आणि नाही वाटलं तर नवऱ्यामुळे, म्हणजे महाराज हरणार कधीच नाहीत. जिम जोन्सही स्टेजवर लोकांचा कॅन्सर 'बाहेर काढून' दाखवायचा, तो निघायचा कोंबडीच्या आतड्या-काळजाचा. बायकोशी भांडू नका, 'अंगारा पण घे आणि गोळी पण घे' एवढ्यावर तडजोड करा. तेवढी सुद्धा महाराजांना चालत नसेल तर का चालत नाही हे तिलाच त्यांना विचारू दे.

शेजारीण गुरूंच्या सांगण्यावरून सोमवारी मीठ खात नाही आणि सारखी त्यांचंच बोलते. हा कल्ट आहे का? (ठाणे)

नाही हो. कंटाळवाणं आहे फक्त.

ताई, सहा वर्षांनी एका ग्रुपमधून बाहेर पडले. वय ३१. शिकलेली आहे, एमटेक, तरी फसले याची इतकी लाज वाटते की जुन्या मैत्रिणींना फोन करवत नाही. तिथले सगळे बोलायचे बंद झालेत. आणि गुरू म्हणाले होते की सोडून जाणाऱ्याच्या घरात मृत्यू होतो. बाबांना साधा ताप आला तरी हातपाय गार पडतात. (पत्ता दिलेला नाही)

अगं, जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाने १९९५मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन नावाचा विषारी वायू सोडला, माणसं मेली, हजारोंना बाधा झाली. सरीनच्या पिशव्या फोडणाऱ्यांत एक जण नावाजलेला हार्ट सर्जन होता, बाकीच्यांत फिजिक्सवाले, इंजिनिअर. सुरुवात कशी झालेली माहितीये? योगाच्या क्लासने. डोक्याने हुशार असणं इथं कामाला येत नाही, उलट हुशार माणूस गुरूच्या प्रत्येक विसंगतीला स्वतःच एक छान कारण शोधून देतो. आणि तू तर कुणाचं वाईट न करता स्वतःच्या पायाने बाहेर आलीस.

त्या मृत्यूच्या शापाचं सांगते. हे वाक्य जवळपास सगळीकडे असतं, शब्द वेगळे. कुठे घरात मृत्यू, कुठे सात जन्म, कुठे कॅन्सर. कधीतरी, कुणालातरी, काहीतरी होणारच असतं, त्यामुळे हे भाकीत खोटं पडूच शकत नाही आणि म्हणूनच ते वापरतात. तुला हे समजलं तरी भीती लगेच जाणार नाही, कारण सहा वर्षं रोज ती शरीरात भरलीये. बाबांना ताप आला तर थर्मामीटर लाव, डॉक्टरांना दाखव, आणि तुला घाबरं होईल तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. झोप लागत नसेल तर सायकियाट्रिस्टकडे सरळ जा.

तिथं तुझ्याकडून कबुलीजबाब लिहून घेतले असतील, बऱ्याच ठिकाणी घेतात, स्वतःची 'पापं', घरातल्या गोष्टी. त्यावरून कुणी धमकी दिली तर मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट घे आणि एखादा वकील किंवा विश्वासातला माणूस बरोबर घेऊन पोलिसात जा. बँकेत ऑटो-डेबिट चालू राहिलंय का ते आज बघ, लोक निघतात आणि मासिक देणगी दोन-दोन वर्षं कापली जात राहते.

मैत्रिणींचं म्हणशील तर सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही. एकीला फोन कर, आणि सहा वर्षांचा हिशोब द्यायची पण गरज नाही, 'खूप दिवसांनी फोन करतेय, भेटूया का' पुरे. तिथं जे मागे राहिलेत त्यांनी तुला ब्लॉक केलं असेल तरी तू त्यांना करू नकोस, त्यातलं कुणीतरी एखाद्या रात्री नंबर शोधेल. आणि सध्या वर्षभर तरी दुसरा गुरू, दुसरं शिबिर, दुसरी साधना काही धरू नकोस, बाहेर पडलेल्यांना ती रिकामी संध्याकाळ सहन होत नाही आणि ती हेरणारे पण टपलेलेच असतात.