वाचक विचारतात : मुंबई सिटीचा तो स्वीडिश खरंच एवढा भारी होता का?

प्रश्न : २०१४ ला आयएसएल (फुटबॉलची इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हा आम्ही कॉलेजची पोरं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला मुंबई सिटीच्या मॅच बघायला जायचो. फ्रेडी ल्युंगबर्ग या स्वीडिश मिडफिल्डरचा केवढा गवगवा होता, पण आम्हाला तो धड खेळताना दिसलाच नाही. मोठा भाऊ लंडनच्या आर्सेनल क्लबचा कट्टर फॅन, तो म्हणतो तुम्हाला त्याची किंमत कळली नाही. मी म्हणतो पैसे कमवायला आला होता. कोण बरोबर? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : भाऊ. पण तुमचीही चूक नाही हो, तुम्ही जो बघितला तो ३७ वर्षांचा होता, २०१२ ला रिटायरमेंट जाहीर करून दोन वर्षांनी परत बूट घातलेला, खुब्याचं दुखणं तर त्याला आर्सेनलला असल्यापासूनचं. मुंबईकडून जेमतेम चार मॅच, गोल एकही नाही, आणि टीम आठात सातवी. यावरून कोण काय ओळखणार?

आता १९९८ ला चला. हाल्मस्टाडचा हा पोरगा, आदल्याच वर्षी क्लबबरोबर स्वीडनची लीग जिंकलेला. सप्टेंबरमधे स्वीडनने इंग्लंडला २-१ हरवलं, ती मॅच आर्सेनलचा कोच वेंगरने टीव्हीवर बघितली आणि लगेच त्याला आर्सेनलला आणलं. पहिलीच मॅच मँचेस्टर युनायटेडशी, सब (बदली खेळाडू) म्हणून आला आणि गोल मारून मोकळा, आर्सेनल ३-०.

त्याची खरी कला बॉल पायात नसतानाची, आणि म्हणूनच स्टँडमधून ती पटकन दिसत नाही कारण आपण सगळे बॉल बघत असतो. ठाण्याला गाडी फलाटावर यायच्या आधीच दार नेमकं कुठे येणार हे ओळखून उभा राहणारा माणूस असतो ना, तसा हा. डिसेंबर २००१ ची इटलीच्या युव्हेंटसबरोबरची मॅच शोधून बघा. आर्सेनलचाच बर्गकँप बॉल घेऊन बॉक्सच्या (गोलसमोरच्या चौकोनाच्या) तोंडाशी इकडे वळतो तिकडे वळतो, दोन-तीन जण अंगावर, सगळ्यांना वाटतं आता गेला बॉल, तेवढ्यात ल्युंगबर्ग मागून पळत सुटतो, पास बरोब्बर पुढ्यात आणि गोलकीपर बुफॉनच्या वरून अलगद गोल. वाहवा सगळी बर्गकँपला मिळाली, ती मिळायलाच हवी म्हणा, पण हा पळालाच नसता तर तो पास द्यायचा कोणाला?

त्याच सीझनमधे मार्चला आर्सेनलच्याच पिरेसचा गुडघा गेला आणि लोक म्हणाले आता आर्सेनलचं काही खरं नाही, तर याने एप्रिलमधे गोलांचा सपाटाच लावला. ४ मे ला एफए कपची फायनल, समोर चेल्सी. तिथे मात्र गडी बॉल घेऊन अर्ध्या मैदानातून निघाला, जॉन टेरीला बाजूला सारलं आणि वळवून कोपऱ्यात मारला, २-० (म्हणजे त्याचा सगळ्यात गाजलेला गोल नेमका माझ्या थिअरीच्या उलटा, असो). चार दिवसांनी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर इंग्लंडची प्रीमियर लीगही जिंकली. प्रीमियर लीगचा त्या सीझनचा बेस्ट प्लेअर ल्युंगबर्गच. पुढे २००३-०४ ला अख्खी लीग एकही मॅच न हरता जिंकली त्या टीममधेही तो होता. स्वीडनकडून ७५ मॅच खेळला, २००६ च्या वर्ल्ड कपला पॅराग्वेविरुद्ध ८९ व्या मिनिटाला हेडर मारून जिंकवलं, नंतर कॅप्टनही झाला.

आर्सेनल सोडल्यावर वेस्ट हॅम, सिॲटल, शिकागो, सेल्टिक, जपानचं शिमिझू, फिरतीच चालू. मग नेरूळ. पैशाचं म्हणाल तर पैसे मिळालेच असणार, त्यात वाईट काय? गंमत म्हणजे त्या मुंबईच्या टीममधे फ्रेंच स्ट्रायकर अनेल्काही होता, दोघं १९९८-९९ ला आर्सेनलला एकत्र खेळलेले. पण धावणं हेच ज्याचं भांडवल त्याचा खुबाच साथ देईना तर जुना दोस्त तरी काय करणार.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे, मिडफिल्ड खेळतो. कोच त्याला सारखं सांगतात 'बॉक्समधे उशिरा जा'. लवकर गेला तर बिघडलं कुठे? – एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, लवकर गेला तर डिफेंडरच्या शेजारी जाऊन उभा राहील आणि त्याचं काम सोपं करेल. डिफेंडरचं लक्ष स्ट्रायकरवर आणि बॉलवर असतं, मागून धावत येणारा त्याला दिसतच नाही. वर सांगितलेला ल्युंगबर्ग उजवीकडे खेळायचा, आर्सेनलचा स्ट्रायकर ऑन्री डावीकडे सरकून डिफेंडरला ओढून न्यायचा आणि हा तिरका आत त्या रिकाम्या जागेत घुसायचा. मुलाला त्याच्या मॅच दाखवा, आणि बॉल सोडून फक्त याच्याकडे बघायला सांगा. दहा मिनिटांत कंटाळेल, तरी बघू दे.

प्रश्न : ल्युंगबर्ग नंतर आर्सेनलचा कोच झाला होता ना? – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : झाला, पण हंगामी. नोव्हेंबर २०१९ ला कोच एमरीला काढलं आणि डिसेंबरमधे नवा कोच आर्टेटा आला, मधल्या सहा मॅच याने सांभाळल्या. जिंकली एकच, तीही वेस्ट हॅमविरुद्ध, म्हणजे स्वतःच्याच जुन्या क्लबला हरवून.