'सिद्धहस्त' कोणाला म्हणावे?

सदाशिव पेठ, पुणे

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

प्रकाशन समारंभासाठी तू लिहिलेला परिचय वाचला. मजकूर नेटका आहे. मात्र जिचे पहिलेच पुस्तक निघत आहे, त्या लेखिकेला तू 'सिद्धहस्त' म्हटले आहेस, तिथे मी थबकलो.

ज्याचा हात सिद्ध झाला आहे तो सिद्धहस्त, असा या बहुव्रीहीचा सरळ विग्रह आहे. घरात आपण यालाच 'हात बसला' म्हणतो: मोदकाच्या कळ्या पाडताना सुरुवातीला पारी फाटते, आणि पुढे कधीतरी, गप्पांच्या नादात, एकवीसच्या एकवीस मोदक सारखे उतरतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन एकदा मठारकाम पाहा. भांडे फिरत असते, हातोडीचा ठोका ठोक्याला लागून पडतो, खुणांची ओळ वाकडी जात नाही, आणि तरीही कारागीर काही मोजताना दिसत नाही. लेखकाला हा शब्द लावायचा तर याच मापाने लावावा. त्यात प्रतिभेची नव्हे, सरावाची ग्वाही आहे, आणि ती द्यायला एक पुस्तक पुरत नाही. वयाचा मात्र इथे संबंध नाही. 'भाषाप्रभू' म्हणून ओळखले जाणारे नाटककार राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, तेव्हा चौतीस वर्षांचेही नव्हते. (गायकाला सिद्धहस्त म्हणू नये, त्याच्यासाठी 'कसलेला' आहे, 'पट्टीचा' आहे.)

तरुणपणी एका मानपत्रात मीही एका वृद्ध कवींना हे विशेषण बहाल केले होते. ते हसून म्हणाले, "अरे, मी अजून लिहितो त्याच्या दुप्पट खोडतो." तेव्हा मी खजील झालो, आज वाटते, खोडण्यावर बसलेला हातही सिद्धच म्हणायचा.

तू परिचयाच्या शेवटच्या परिच्छेदात या लेखिकेच्या कथेतील दोन म्हाताऱ्यांच्या नळावरच्या भांडणाबद्दल जे लिहिले आहेस, ते पहिल्या ओळीत घे. मग विशेषणाची गरजच उरणार नाही.

आणखी एक. तू 'सिध्दहस्त' असे लिहिले आहेस. 'द'ला 'ध' जोडायचा असतो, 'ध'ला 'द' नव्हे. हा शब्द आता जाईलच, पण तिसऱ्या ओळीत 'प्रसिद्ध'चीही तीच गत झाली आहे. पत्रिका अप्पा बळवंत चौकात छपाईला देण्यापूर्वी तेवढे दुरुस्त कर.

बाकी भेटीअंती.