रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग ब्रुगाडा कुठून आला?

प्रश्न: माझे मिस्टर ४१ वर्षांचे. मागच्या महिन्यात तापाने फणफणलेले असताना पहाटे घशातून घरघर आवाज यायला लागला, हलवलं तरी उठेनात, मिनिटभराने आपोआप शुद्धीवर आले. इको नॉर्मल, अँजिओग्राफी नॉर्मल, तरी ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले ब्रुगाडा सिंड्रोम. सगळं चांगलंय तर बिघडलंय काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, इको आणि अँजिओत झडपा, स्नायू, रक्तवाहिन्या दिसतात, करंट दिसत नाही, आणि इथे गडबड करंटची आहे. प्रत्येक ठोका सुरू होतो तो पेशींत सोडियम घुसतं म्हणून, ते ज्या दारातून घुसतं ते दारच ब्रुगाडामध्ये पुरतं काम करत नाही. त्यातून उजव्या कप्प्याचा फुफ्फुसाकडे जाणारा भाग नाजूक, तिथल्या बाहेरच्या थरात पोटॅशियम जोरात बाहेर पडतं, मग सोडियम कमी पडलं की तिथल्या काही पेशी वेळेआधीच रिकाम्या होतात. शेजारच्या अजून चार्ज असतात, त्या या रिकाम्यांना परत पेटवतात आणि करंट गोल फिरत बसतो, ठोका पडायच्या ऐवजी हृदय नुसतं थरथरतं. (संशोधकांचा दुसरा गट म्हणतो की तिथे करंट मुळात रखडतो, बारीक व्रण पण सापडलेत. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं.)

तापात हे दार अजून लवकर मिटतं, आणि झोपेत ठोके मंदावतात म्हणून पहाटे. पुरुषांमध्ये जास्त, त्यात टेस्टोस्टेरॉनचा हात असावा. हृदयतज्ज्ञ ब्रुगाडा बंधूंनी हे १९९२ मध्ये मांडलं, पण थायलंडमध्ये झोपेत धडधाकट पुरुष दगावायचे ते आधीपासून, विधवेचं भूत नेतं म्हणून काही जण बायकांचे कपडे घालून झोपायचे!

मिस्टर बेशुद्ध झालेत, त्यामुळे आयसीडी मशीनचं (शरीरात बसवतात, हृदय थरथरायला लागलं की झटका देऊन ठोका परत आणतं) डॉक्टर बोलले असतील तर टाळू नका. ताप आला की लगेच पॅरासिटामॉल, आणि कुठलंही नवीन औषध किंवा भूल द्यायच्या आधी ब्रुगाडा आहे हे सांगायचंच. एससीएन५ए या जीनमधला दोष साधारण २० ते ३० टक्के पेशंटमध्येच सापडतो, म्हणून जीन टेस्ट निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. मुलांचा, दिरांचा ईसीजी काढून घ्या, आणि छातीवरच्या पट्ट्या नेहमीच्या जागेपेक्षा एकदोन फासळ्या वर लावून पण काढायला सांगा, खाली ब्रुगाडाची खूण कधीकधी दिसतच नाही.