हायकोर्टाचा घुमट पोराच्या डोक्यावर कशाला?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वीस वर्षं नागपुरात सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाबाहेर टायपिंग करता, ती इमारत हेन्री मेड यांनी डिझाइन केली हेही तुम्हीच शोधून काढलं, आणि आता पोरानं आर्किटेक्टच व्हावं म्हणून दोनदा नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, देऊन कमी स्कोर आलेल्या पोराला तिसऱ्यांदा बसवताय. पत्रात इमारतीवर पानभर आणि पोरावर चार ओळी. त्यातली एक, "रविवारी इतवारीत मामाच्या दुकानात जीएसटीच्या एन्ट्र्या करत वेळ घालवतो."

मला स्कोरपेक्षा या ओळीची जास्त काळजी वाटली. अठरा वर्षांचं पोरगं सुटीच्या दिवशी कोणी न सांगता हिशेबाला बसते आणि बापाला तो वेळ वाया गेलेला वाटतो, हे काहून? तुम्हीच लिहिता की तिथून तो खुश होऊन घरी येतो आणि ड्रॉइंगच्या क्लासला जाताना त्याचं पोट दुखते. उत्तर तर तुमच्याच पत्रात आहे ना.

नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर, मग पाच वर्षं बी.आर्क, मग कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी, रस्ता एवढाच आहे.

पण एक गैरसमज काढून टाका. तुम्हाला वाटते एका हुशार माणसानं कागदावर काढलं आणि हायकोर्ट उभं राहिलं. मेड साहेब 1892 चे. नवी दिल्ली बांधली जात होती तेव्हा ते आर्किटेक्ट हर्बर्ट बेकर यांच्या हाताखाली दुसऱ्याच्या इमारतींवर राबले, मग तिथली दोन कॅथेड्रल त्यांच्या नावावर आली, आणि 9 जानेवारी 1937 ला नागपुरात कोनशिला बसली तेव्हा ते 44 वर्षांचे होते. उद्घाटन 6 जानेवारी 1940 ला. इतकी वर्षं दम धरायला ते काम मनापासून आवडावं लागते, बापाला आवडते म्हणून नाही जमत. आणि खर्च आला 7,37,746 रुपये. शेवटच्या सहा रुपयांपर्यंतचा हिशेब कोणीतरी बसून लिहिलाच ना भाऊ? तुमचा पोरगा त्या माणसाच्या जातकुळीचा आहे.

तिसरी नाटा राहू द्या. सायन्सवरून बीकॉमला जाता येते, सीए फाउंडेशनचं, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचं, त्यालाच विचारा. इमारतीचं वेड तुमचं आहे आणि ते फार छान आहे, तिथं स्केच काढायला पोरं आली तर त्यांना सांगत जा सगळं.

येत्या रविवारी तो घरी आला की दुकानात काय केलं ते विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मेड साहेबांचं नाव काढू नका.