शेततळ्यातले चिलापी (तिलापिया मासे) बोटाएवढेच राहतात, काय करू?

खाद्य वाढवून काही होणार नाही, आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय की दहा गुंठ्याच्या तळ्यात दोन वर्षांपूर्वी थोडे चिलापी सोडले आणि आता जाळ्यात ढिगानं येतात पण सगळे बोटाएवढे. ही पिल्लं नाहीत, यातले बरेचसे वयात आलेले मासे आहेत. एखादा हातात घेऊन बघा, डोकं न् डोळे मोठे दिसतील आणि अंग सुकलेलं, मादीचं तोंड उघडलं तर कधीकधी आत पिवळट अंडी पण सापडतात. चिलापी अंडी तोंडातच उबवते, तेवढे दिवस नीट खात नाही, आणि पाणी गरम असलं की दोन-तीन महिन्यांची झाली की लगेच विणीला लागते, मग तेवढ्याच शेवाळात न् खाद्यात रोज नवीन तोंडं वाढतात, जे पोटात जातं ते वाढीऐवजी अंड्यांवर खर्च. रोहू-कटल्याचं असं होत नाही कारण ते साचलेल्या तळ्यात वीतच नाहीत, जेवढी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली तेवढीच राहतात (दहा गुंठ्याला पाचशे ते हजार बास).

म्हणजे मासे काढायलाच लागतील, पण कुठले काढता ते महत्त्वाचं. बहुतेक जण काय करतात, मोठ्या आसाचं (भोकांचं) जाळं टाकून त्यातल्या त्यात बरे मासे विकायला काढतात आणि बारके परत सोडतात. बरोबर उलटं! गर्दी तशीच राहते आणि वर बारकेपणीच विणारे तेवढे मागं उरतात. बारीक आसाचं जाळं ओढा, पोतंभर निघाले तरी मागं सोडू नका, सुकवा, कोंबड्यांना घाला. आणि एकदाच करून भागत नाही, दर महिन्या-दीड महिन्याला ओढायचं, नाहीतर उरलेले परत तळं भरून टाकतात.

समुद्रातलं गणित मात्र याच्यावर लावू नका. तिथं पापलेटची वीण होण्याआधीच पिल्लं उचलली जातात, म्हणून 2023 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं 54 जातींना किमान मापं ठरवली, पापलेटला 135 मिमी. तिथं बारके सोडायचे, तुमच्या तळ्यात बारकेच काढायचे.

प्लास्टिकचं तळं असेल तर उन्हाळ्यात पूर्ण उपसून वाळवा, सगळ्यात सोपं तेच, एक जोडी उरली तरी परत पहिल्यापासून सुरू. उपसणं जमत नसेल तर थोडे मरळ सोडा, ते चिलापीची पिल्लं खातात, फक्त त्याच वेळी रोहूची बोटुकली टाकू नका, ती पण जातील.